पाच हातांचा कागद

वर्नाच्या बारमध्ये मागच्या कोपऱ्यात तपकिरी कागदाचं एक रीळ उभं आहे. कमरेएवढं उंच. मिलमधल्या चार नंबरच्या मशीनवर निघालेलं ते शेवटचं. मिल बंद झाली त्या दिवशी पाच जणांनी ते लोळवत पुलावरून इकडे आणलं, आणि गेटवरच्या पहारेकऱ्याने तेवढा वेळ नदीकडे बघून घेतलं. तेव्हा दोघांनी मिळून मिठी मारावी इतकं ते जाड होतं. आता एकाच्या कवेत येतं, कारण वर्ना रोज त्यातलाच कागद टेबलांवर अंथरते, आणि दर एप्रिलमध्ये त्यातला हातभर कागद वेगळा फाडला जातो.

त्या कागदावर पाच नावं लिहायची असतात. अमेरिकन फुटबॉलच्या ड्राफ्टच्या दिवशी सगळ्या टीम आळीपाळीने कॉलेजातले खेळाडू उचलतात. त्यातले लाइनमन आपल्या टीमने कोणते उचलावेत, त्यांची ही नावं. लाइनमन म्हणजे पुढे वाकून उभे राहणारे पाच धिप्पाड गडी. मध्ये सेंटर, त्याच्या दोन बाजूंना गार्ड, दोन टोकांना टॅकल. चेंडू घेऊन पळणं त्यांच्या वाट्याला येत नाही. ज्याच्या हातात चेंडू आहे त्याला समोरच्यांनी तुडवू नये एवढं बघायचं. काम नीट झालं तर कुणाच्या लक्षात येत नाही, बिघडलं तर साऱ्या गावाला कळतं.

कागदाच्या मशीनवरही पाचच माणसं असायची. म्हणून हे टेबल दुसऱ्या कुठल्या खेळाडूवर कधी बोललं नाही. बाकीच्यांवर बोलायला बाकीचं गाव आहे.

नियम एकच. नाव घेतलं की ज्याला पटेल त्याने कागदावर पंजा टेकायचा. पाच पंजे पडले तर नाव लिहायचं. चार पडले तर ओळ कोरी. बुधवारी सकाळी गावचा रेडिओ ही यादी वाचून दाखवतो, कोरी ओळ असेल तर तीही. टीमचे लोक ऐकत नाहीत. बाकी सगळे ऐकतात.

नॉर्बर्ट जॅडिनच्या डाव्या पंजाला तीनच बोटं आहेत. टेबलावर तो तोच पंजा टेकतो. उजव्या हातात ग्लास असतो.

ज्या एप्रिलची ही गोष्ट, तेव्हा नॉर्ब चौऱ्याहत्तरचा होता. अडतीस वर्षं त्याने एकाच मशीनवर काढली होती आणि त्यात नऊ दिवस आजारी म्हणून घरी राहिला होता. ते नऊही दिवस त्याला पाठ होते. बायको मार्जी जानेवारीत गेली. मंगळवारी छातीत कळ आली, गुरुवारी संपलं. अंत्यविधीनंतर चर्चच्या तळघरात बायकांनी हॅम आणि चीज घातलेले बटाटे वाढले, ते त्याने खाल्ले. ताट धुऊन ठेवलं. लोक म्हणाले, धीराचा आहे. धीराचा काही संबंध नव्हता. मशीनशेजारी बारा तास उभं राहिल्यावर तळपायांचं जसं होतं, आहेत हे माहीत असतं पण जमीन लागत नाही, तसं त्याचं सगळं अंग झालं होतं. तो वाट बघत होता, की मुंग्या येतील आणि मग दुखायला लागेल. फेब्रुवारी गेला, मार्च गेला. मुंग्या आल्या नाहीत.

त्या हिवाळ्यात एकोणीस वेळा बर्फ पडला. एकोणीस वेळा लायल व्हॅनडायकने पहाटे साडेपाचला येऊन त्याच्या दारापासून रस्त्यापर्यंतची वाट मोकळी केली. लायल दोन घरं पलीकडे राहायचा. त्याच्याकडे बर्फ काढायचं यंत्र होतं, पण त्याचा आवाज होतो म्हणून तो फावड्याने काढायचा. दार त्याने एकदाही वाजवलं नाही. नॉर्ब आत अंथरुणात जागा असायचा आणि फावड्याची खरखर ऐकायचा. कडा सरळ कापल्या आहेत हे आवाजावरून कळायचं.

दिवस उरायचा. तो नॉर्बने लाइनमनांना दिला.

हे काम टेबलाने त्याच्यावर वीस वर्षांपूर्वीच टाकलं होतं. बाकीचे बोलायचे, हा बघायचा. मुलीने त्याला एक टॅब्लेट आणून दिला होता, त्यावर कॉलेजचे सगळे सामने होते. नॉर्बची पद्धत ठरलेली. स्वयंपाकघरातल्या टेबलावर टॅब्लेट उभा करायचा. जाड पुठ्ठ्याचा एक तुकडा घेऊन चेंडू जिथे असेल तो भाग झाकायचा. माणसाचा डोळा चेंडूमागे जातो, त्याला इलाज नाही, म्हणून चेंडूच दिसू द्यायचा नाही. मग एकच डाव, म्हणजे चेंडू हलल्यापासून शिटीपर्यंतचे काही सेकंद, पाच वेळा बघायचा, एकेका गड्यासाठी एकदा. शिटी वाजेपर्यंत त्याचे पाय चालू राहिले तर वहीत उभी रेघ. आधी थांबले तर आडवी.

"पाच जाड्या पोरांच्या ढुंगणाकडे बघत बसतोस दिवसभर," मार्जी म्हणायची. "माझ्याकडे बघितलं असतंस एवढं तर मी बारीक झाले असते."

आता ती म्हणत नव्हती. घरात कुणी काही म्हणत नव्हतं. तो डाव लावायचा, पुठ्ठा धरायचा, रेघ मारायचा.

त्या वर्षी सगळ्या गावाला एकच नाव माहीत होतं. गॅरेट व्हॅनडायक, लायलचा नातू, डावा टॅकल. साडेसहा फूट उंच, तीनशे दहा पौंड, हात पस्तीस इंच. टीमचा जुना डावा टॅकल गुडघ्यापायी निवृत्त झाला होता आणि ती जागा रिकामी होती. गावातला पोरगा, गावाजवळची टीम, रिकामी जागा. बेकरीवालीने खिडकीत त्याचा फोटो लावला. लायलने त्याला लहानाचं मोठं केलं होतं, कारण त्याचा बाप पश्चिमेला कामाला गेला तो तिकडचाच झाला. दहा वर्षं लायल रात्रपाळी संपवून पोराला मैदानावर घेऊन जायचा आणि गाडीत बसून डुलक्या काढत त्याचा सराव बघायचा.

नॉर्बने गॅरेटचे तेरा सामने पाहिले. पोरगा चांगला होता. पावलं हलकी, कंबर खाली, हात वेळेवर. डाव त्याच्या बाजूने आला की उभ्याच रेघा. पण डाव उजवीकडे, त्याच्यापासून लांब गेला, की तो दोन पावलं टाकायचा, सरळ व्हायचा, कमरेवर हात ठेवायचा आणि बघत उभा राहायचा. तिकीट काढून आल्यासारखा.

एकसष्ट आडव्या रेघा झाल्या. आपली नजर कमी झाली असेल म्हणून नॉर्बने मार्चमध्ये तेरा सामने पुन्हा पहिल्यापासून पाहिले. दुसऱ्या खेपेला त्रेसष्ट झाल्या.

त्याने वही मिटली आणि डाव्या हाताकडे बघितलं.

सत्त्याऐंशी सालचं होतं ते. मशीनवर कागद तुटला होता. तुटला की ओल्या कागदाची एक अरुंद पट्टी हाताने एका रुळावरून दुसऱ्यावर द्यावी लागते, आणि तेवढ्यासाठी मशीन थांबवत नाहीत. नॉर्ब पट्टी देत होता. हातमोज्याची शिवण उसवली होती आणि ते त्याला माहीत होतं. रुळांनी मोजा धरला. आवाज एवढा होता की तो ओरडला ते त्याचं त्यालाही ऐकू आलं नाही. लायल त्या वेळी दुसऱ्या टोकाला होता, तयार रिळं उतरवायच्या जागी, पन्नास पावलं लांब. त्याने नॉर्बचा खांदा खाली गेलेला पाहिला. तो धावला. एका हाताने थांबवायचा दोर ओढला आणि दुसऱ्याने नॉर्बची कॉलर धरून त्याला मागे फेकला. दोन बोटं गेली. लायल जागेवरच उभा राहता तर खांद्यापर्यंत हात गेला असता, आणि बहुधा हाताबरोबर नॉर्बही.

मिलने चौकशी केली. अहवालात एक वाक्य होतं: 'व्हॅनडायक याचे काम त्या जागी नव्हते.' जागा सोडल्याबद्दल लायलला तेच वाक्य असलेली लेखी ताकीद मिळाली. ती त्याने चौकटीत घालून गॅरेजमध्ये लावली होती.

ड्राफ्टच्या आधीच्या मंगळवारी लायलने नेहमीसारखा आपला ट्रक नॉर्बच्या दारात उभा केला. नॉर्ब वही घेऊन चढला. नदीच्या कडेला अजून मळकट बर्फ होता.

"सूप खाल्लंस?" लायलने विचारलं.

"खाल्लं."

"डब्यातलं?"

"डब्यातलं."

लायलने ट्रक पुलाच्या दिशेने वळवला. पुलावर म्हणाला, "पाहिलेस सगळे?"

"दोनदा."

"मग?"

"तिथे बोलू," नॉर्ब म्हणाला.

लायलने मान हलवली. तो चांगल्या बातमीचाच अर्थ काढत होता. नव्या शर्टाच्या घड्या अजून मोडल्या नव्हत्या.

बारमध्ये दुपारची वेळ, गर्दी नव्हती. अर्ल स्कालस्की आधीच येऊन बसला होता. मशीनवर तो मुख्य होता आणि इथेही तोच मुख्य. ऐंशीचा झाला होता, नाकात ऑक्सिजनची नळी होती, आणि त्याचं बाटल्यांचं गाडं खुर्चीला टेकून उभं होतं. शेजारी बर्नी, त्याचं तोंड कधी बंद नसायचं. पलीकडे हब, त्याला नीट ऐकू येत नसे. हब मूळचा दुसऱ्या पाळीचा. त्यांचा पाचवा माणूस वारल्यावर त्याला टेबलावर घेतला, त्याला अकरा वर्षं झाली तरी तो नवाच होता.

"आले बघा नवरा-बायको," बर्नी म्हणाला. "कोण गाडी चालवत होतं आज?"

"तुझं लग्न कुणाशी झालंय ते आठवतं का तुला?" लायल म्हणाला.

"सकाळी आठवत होतं."

वर्नाने पाच ब्रँडी आणून ठेवल्या आणि रिळाचा हातभर कागद सरळ फाडून टेबलावर पसरला. "म्हाताऱ्यांनो, यावर काही सांडलंत तर या वेळी दुसरा मिळणार नाही. सांगून ठेवते."

पद्धत अशी होती की खालून सुरुवात करायची. उजवा टॅकल आधी, डावा टॅकल, म्हणजे पहिली ओळ, शेवटी.

उजव्या टॅकलला वेळ लागला नाही. युटाहकडचा एक पोरगा होता, सिओने फालेमाका. अर्लने नाव घेतलं. नॉर्बने वही उघडून सांगितलं, "सगळ्या उभ्या. चारच आडव्या. त्यातली एक बूट निघाला म्हणून." पाच पंजे पडले.

उजव्या गार्डवर भांडण झालं. बर्नीला टेक्ससचा जमाल प्रुइट हवा होता.

"तीनशे पंचावन्न पौंड," बर्नी म्हणाला. "तो कुणाला ढकलत नाही रे. नुसता पुढे जातो आणि रस्त्यात जे असेल ते बाजूला होतं."

"तुझ्यासारखंच. वर्नाच्या जेवणाच्या रांगेत," अर्ल म्हणाला.

"काय म्हणाला?" हबने विचारलं.

"तू देखणा आहेस म्हणाला," बर्नी त्याच्या कानात ओरडला.

"शेवटच्या, चौथ्या क्वार्टरात बघ," नॉर्ब म्हणाला. "गुडघे सरळ होतात. मग कमरेतून वाकतो. कमरेतून वाकला की समोरचा एका हाताने पाडतो त्याला."

"पण पहिल्या तीन क्वार्टरांत?"

"काम चार क्वार्टरांचं आहे."

बर्नीने हात वर केले. "झालं. न्यायाधीश बोलले. घाला मग तो ओहायोचा, ज्याच्याकडे बघून मला झोप येते."

"झोप येते म्हणजे काम नीट करतो," अर्ल म्हणाला, आणि ओहायोच्या पोराचं नाव लिहिलं.

सेंटरसाठी आयोवाचा एक शेतकऱ्याचा मुलगा आला, टेगन ब्रुनिंग. बर्नीचं म्हणणं, त्याचे हात आखूड आहेत, त्याला स्वतःच्या बुटाची नाडी बांधता येत नसेल. अर्लचं म्हणणं, तो कुस्ती खेळलाय, आणि कुस्ती खेळलेल्याला समोरच्याचा तोल कळतो. या एका प्रश्नावर दोन ब्रँडी आणि एक ताट तळलेलं चीज संपलं. हबने अचानक कॉलेजच्या दिवसांतल्या एका सेंटरची गोष्ट सुरू केली. ती कुठे निघाली होती ते कुणाला कळलं नाही, पण सगळ्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतली. मग पाच पंजे पडले. डाव्या गार्डलाही पडले.

पहिली ओळ राहिली.

अर्लने सुतारी पेन्सिल कागदावर आडवी ठेवली. "गॅरेट व्हॅनडायक," तो म्हणाला, आणि पंजा टेकला.

बर्नीने टेकला. हबने ओठांवरून नाव ओळखलं आणि टेकला. लायल थोडा थांबला.

"माझा नातू म्हणून टेकत नाही," तो म्हणाला. "दुसऱ्या कुणाचा असता तरी टेकला असता."

"ठेव रे बाबा," बर्नी म्हणाला. "आम्ही कुणाला सांगणार नाही."

चार पंजे झाले. नॉर्बचा डावा हात त्याच्या गुडघ्यावर होता. तो तिथेच राहिला.

"नॉर्ब," अर्ल म्हणाला.

"नाही."

"काय नाही?"

"लांबच्या डावाला थांबतो. त्रेसष्ट वेळा."

अर्लच्या नळीतून हवा येत होती तिचा बारीक आवाज ऐकू येत होता. हबने बर्नीकडे बघितलं, पण बर्नीने त्याला काही ओरडून सांगितलं नाही.

"लांबच्या डावाला," बर्नी हळूच म्हणाला. "म्हणजे जिथे त्याचा काही संबंधच नाही."

"हो."

"अरे, सगळेच थांबतात तिथे थोडेफार."

"फालेमाका चारदा थांबला."

"नॉर्ब, रेडिओवर वाचून दाखवायची यादी आहे ही. आपलं ऐकून कोण काय करणार आहे? पोराला बरं वाटेल. याला बरं वाटेल." बर्नीने लायलकडे बोट दाखवलं आणि मग आवाज आणखी खाली आणला. "तुझा तो हात कुणामुळे आहे, आठव जरा."

"म्हणूनच टेकत नाही," नॉर्ब म्हणाला.

त्याला वाटलं होतं की हे बोलताना आपल्या आत काहीतरी हलेल. हललं नाही. सकाळच्या हवामानाच्या बातम्यांसारखे शब्द बाहेर आले.

लायलने आपला पंजा उचलला. घाईने नाही. मग इतर तिघांनी उचलले. अर्लने पेन्सिल घेतली, पहिल्या ओळीवर 'डावा टॅकल' लिहिलं आणि पुढची जागा सोडली. कागदाची गुंडाळी करून त्याने वर्नाकडे दिली. रेडिओवाल्यांना फोन करायचं काम तिचं.

"झालं का भांडण?" वर्नाने विचारलं.

"भांडण झालंच नाही," अर्ल म्हणाला.

परतीला नॉर्बला लायलच्याच ट्रकमध्ये बसावं लागलं. दुसरी सोय नव्हती. लायलने दार उघडलं, नॉर्बचा पट्टा अडकत होता तो नेहमीसारखा हात लांबवून लावून दिला, आणि ट्रक सुरू केला. पूल आला, गेला. बेकरीच्या खिडकीत गॅरेट हसत होता. नॉर्बच्या दारात ट्रक थांबला तेव्हा लायलने इंजिन चालूच ठेवलं. नॉर्बने खाली पाय टाकला.

मागे इंजिन बंद झालं.

"दाखव," लायल म्हणाला.

स्वयंपाकघरात लायल मार्जीच्या खुर्चीत बसला. जानेवारीपासून तिथे कुणी बसलं नव्हतं. नॉर्बने टॅब्लेट उभा केला, वही उघडली आणि लायलच्या हातात पुठ्ठा दिला.

"हे कशाला?"

"चेंडू झाकायला."

पहिला डाव लावला. गॅरेटने दोन पावलं टाकली, सरळ झाला, कमरेवर हात ठेवले. दुसरा. तिसरा. लायल पुठ्ठा नीट धरत होता, हात हलत नव्हता.

नवव्याला तो म्हणाला, "दमला असेल."

"पहिला क्वार्टर आहे."

"ऊन होतं त्या दिवशी. मी गेलो होतो."

"हा नोव्हेंबरचा आहे."

आणखी चार झाले. चौदाव्याला लायलने स्वतःच डाव मागे घेऊन पुन्हा लावला, आणि त्याचा आवाज थोडा चढला. "अरे पण डाव तिकडे आहे. हा इकडे. त्याचं काम त्या जागी नव्हतं."

बोलून झालं आणि तो थांबला. पडद्यावर गॅरेटही थांबलेला होता. लायल बराच वेळ पुठ्ठ्याकडे बघत राहिला. त्याच्या गॅरेजमध्ये, हत्यारांच्या वर, चौकटीत तेच शब्द होते, हे दोघांनाही माहीत होतं. नॉर्ब उठला आणि कॉफी ठेवायला गेला. दोन कप काढले. साखर शोधायला वेळ लागला, कारण ती मार्जी ठेवायची.

"दहा वर्षं नेलं मी त्याला," लायल पाठीमागून म्हणाला. "एकही सराव सोडला नाही. मला कसं दिसलं नाही हे?"

"चेंडूकडे बघत होतास."

"चेंडूकडे कधीच नाही. त्याच्याकडे बघत होतो."

"तेच ते," नॉर्ब म्हणाला.

लायलने कॉफी प्यायली. मग त्याने उरलेले सगळे डाव पाहिले. त्रेसष्टच्या त्रेसष्ट. दोन तास लागले. एकदाही पुठ्ठा खाली ठेवला नाही. शेवटी उठला तेव्हा गुडघे वाजले.

"वहीचं पान दे."

नॉर्बने पान सुट्टं करून दिलं. लायलने त्याची घडी घालून नव्या शर्टाच्या खिशात ठेवली आणि गेला. जाताना दार नेहमीपेक्षा हळू लावलं, की नेहमीसारखंच, हे नॉर्बला ठरवता आलं नाही.

बुधवारी सकाळी साडेसातला रेडिओवरच्या माणसाने यादी वाचली. दर वर्षी तो पहिल्या ओळीपासून वाचतो.

"वर्नाच्या बारमधलं टेबल म्हणतं: डावा टॅकल," तो म्हणाला, आणि कागदाची सळसळ ऐकू आली. "डावा टॅकल, कोरी ओळ." मग त्याने घसा साफ केला आणि खालची चार नावं वाचली. त्यानंतर गाईच्या खाद्याची जाहिरात लागली. नॉर्ब पावाला लोणी लावत होता. त्याने ते कडांपर्यंत लावलं.

दहाला फोन वाजला.

"मिस्टर जॅडिन? गॅरेट बोलतोय."

"बोल."

"रेडिओ ऐकला."

"हं."

"बेकरीवालीने आत्ता फोन करून विचारलं, चूक झाली का म्हणून." त्याचा श्वास जोरात चालला होता, पण आवाज चढला नव्हता. लायलने त्याला मोठ्यांवर आवाज चढवायचा नाही हे शिकवलं होतं. "तुमच्या टेबलामुळे माझं काही अडणार नाही, माहीत आहे ना तुम्हाला? त्या लोकांना हा बार कुठे आहे तेसुद्धा माहीत नाही."

"माहीत आहे."

"मग काय मिळालं तुम्हाला?"

नॉर्बने खरोखर विचार केला. "काही नाही," तो म्हणाला.

पलीकडे कागद उघडल्याचा आवाज आला.

"आजोबा सकाळपासून बोलले नाहीत. अंडी केली, ताटाशेजारी हा कागद ठेवला आणि बाहेर जाऊन ट्रक धुवायला लागले. ट्रक स्वच्छ होता." कागद पुन्हा वाजला. "हा दुसऱ्या सामन्यातला. छत्तिसावा डाव. तुम्ही आडवी रेघ मारलीये. तिथे मी पळालो होतो. मला आठवतं."

"थांब," नॉर्ब म्हणाला.

त्याने फोन टेबलावर ठेवला, टॅब्लेट उभा केला, सामना शोधला. तीन बोटांच्या हाताने पुठ्ठा धरला. डाव बघितला. फोन उचलला.

"पळालास. सात पावलं. मग थांबलास. शिटीला दोन सेकंद होते."

"परत बघा."

त्याने परत बघितलं. घाई केली नाही.

"थांबलास."

"तोपर्यंत डाव संपला होता."

"तुझ्यासाठी संपला होता. त्या दोन सेकंदांत तुमचा पोरगा चेंडूसकट पडला. पाडणारा तुझ्यासमोरून गेला होता."

पलीकडून खुर्ची ओढल्याचा आवाज आला. जड माणूस बसल्याचा.

"मला कधी कुणी हे दाखवलं नाही," गॅरेट म्हणाला. "तिथे सहा प्रशिक्षक होते."

"ते चेंडू झाकत नसतील."

नॉर्बला वाटलं, आता पोरगा फोन ठेवेल. ठेवला असता तरी चाललं असतं. बाहेर छतावरून शेवटचा बर्फ वितळून थेंब पडत होते.

"पहिल्यापासून सांगा," गॅरेट म्हणाला. "मी माझ्याकडे लावतो. तुम्ही आकडा सांगा."

नॉर्बने वही पुढे ओढली. एक पान आता नव्हतं, पण पहिल्या खेपेच्या रेघा मागच्या पानांवर होत्या. त्याने पहिला आकडा सांगितला. पलीकडे डाव लागला, प्रेक्षकांचा आवाज आला, थांबला. "हं," गॅरेट म्हणाला. नॉर्बने पुढचा सांगितला. काही डावांना पोरगा वाद घालायचा, मग दोघं पुन्हा बघायचे. एका डावाला गॅरेटचं खरं निघालं. पाय चालू होते, कॅमेरा वळला होता. नॉर्बने ती रेघ खोडून उभी केली आणि तसं सांगितलं.

बाराला त्याने फोन कान आणि खांद्यामध्ये धरला आणि सुपाचा डबा उघडला. सूप गरम झालं. उभ्याने खाल्लं. चव लागली नाही. खिडकीतून दोन घरं पलीकडे लायल दिसत होता, अजून ट्रक पुसत होता, आता चाकं. नॉर्ब बघत राहिला. किती वेळ, ते त्याच्या लक्षात आलं नाही.

"मिस्टर जॅडिन," फोनमधून आवाज आला. "आहात ना?"

"आहे," नॉर्ब म्हणाला. त्याने चमचा खाली ठेवला आणि वहीच्या पानावर बोट टेकवलं. "पाचवा सामना. एकोणिसावा डाव."